तारेत लाइट होती

पोहता न येणारा माणूस कृष्णाकाठच्या गावात बावीस वर्षं वायरमन होता. नोकरीत असेपर्यंत ही गोष्ट मी कुणालाही कळू दिली नाही. खांबावर चढताना माझे पाय कधी लटपटले नाहीत. पण गावच्या घाटावर उतरायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून मी वरच्या पायरीवरच थांबायचो.

मी मूळचा औंधाकडचा. आमच्याकडं पाण्याचा टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. पाण्याची भीती म्हणजे ते न येण्याची भीती, एवढंच आम्हाला ठाऊक. ते घरात शिरतं, जिन्याच्या पायऱ्या चढतं आणि माणसाला पत्र्यावर नेऊन बसवतं, हे पलूस तालुक्यातल्या या गावात बदली झाल्यावर कळलं. गावाचं नाव लिहीत नाही. काही माणसं अजून आहेत, आणि पुढं जे सांगायचं आहे त्यात चूक माझी आहे.

गावात पहिल्याच पावसाळ्यात मला बाळगोंडा अण्णा भेटले. जैन शेतकरी, ऊस आणि दहा-बारा म्हशी. नदीकडच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज बांधून मी खाली उतरलो, तर ते खाली उभे.

"नवं वायरमन काय तुमी?"

"व्हय."

"कुठलं?"

"औंधाकडचा."

ते हसले. "म्हंजे पाण्याचं काय ठावं न्हाई तुमाला. या."

त्यांनी मला बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायऱ्यांपाशी नेलं. दगडात आडव्या रेघा कोरलेल्या होत्या. ही आज्याच्या वेळची, ही वडिलांच्या वेळची, ही मी तरणा हुतो तवाची. त्या रेघा दाखवता दाखवता त्यांनी सगळ्या गावाची कुंडली सांगितली. एका पुरात कुंभारवाडा गेला तो पुन्हा बसलाच नाही. एका वर्षी धरणी हलली, भिंतींचा गिलावा पडला, आणि गाव महिनाभर रानात पालं टाकून राहिलं. एकदा नदीच आटली, पात्रात वाळू उकरून वाटी-वाटीनं पाणी भरलं. एवढं सगळं सोसून गाव जागचं हललं नव्हतं, याचा अण्णांना अभिमान होता.

"आनि एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "नदी म्होरनं येत न्हाई. म्होरं समदी बघत बसत्यात. ती मागनं, वढ्यातनं येती. आनि पाणी आवाज करतंय तंवर भ्यायचं न्हाई. आवाज बंद झाला की वायर तोड आनि पळ."

वायर तोड म्हणजे लाइट बंद कर. पुरात वायरमनचं पहिलं काम तेच. पाणी घरात शिरलं आणि बोर्डाला लागलं, की त्या पाण्यात उभा असलेला माणूस गेला. म्हणून पाणी यायच्या आधी डीपीवरचे फ्यूज काढायचे आणि सबस्टेशनच्या ऑपरेटरला सांगून गावाचा फीडर, म्हणजे गावाकडं येणारी लाइनच, बंद करायचा. पण लाइट बंद केली की गाव अंधारात, गिरणी बंद, मोबाइल बंद. शिव्या वायरमनला.

मला त्या मिळाल्याही. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ओढ्यात फेस दिसला, नदीचा आवाज मंदावला, आणि मी अण्णांचं ऐकून फ्यूज काढले. पाणी शाळेच्या पटांगणापर्यंत आलं, दोन दिवस तिथंच बसलं आणि आल्या वाटेनं गेलं. गिरणीवाला चौकात सगळ्यांदेखत म्हणाला, "वायरमनला सपान पडलं आनि गाव दोन दिस उपाशी ऱ्हायलं." पुढं कितीतरी वर्षं आभाळ भरून आलं की कुणीतरी विचारायचं, "काय वायरमन, काढायचं का फ्यूज?" मी हसायचो. आतून हसू यायचं नाही.

आता जनरेटरचं सांगतो.

अण्णांच्या बायकोला गाव अव्वा म्हणायचं. शांतव्वा. बुटकी, गोरी, कपाळाला ठसठशीत कुंकू. पुढं त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं. ते विजेवर चालायचं, घुरघुर करत, आणि त्याची पारदर्शक नळी अव्वांच्या नाकाशी. गावातली लाइट दिवसातनं चार वेळा जाणार, म्हणून अण्णांनी एक जनरेटर आणला, चांगला दांडगा. "हा म्हशींच्या कडबाकुट्टीला बी हुईल," म्हणाले. जोडणी करायला मला बोलावलं.

हे काम खरं तर माझ्या नोकरीतलं नव्हतं, पण अण्णांना नाही म्हणणं माझ्या हातून होत नसे. जनरेटर घराला जोडायचा तर मध्ये एक चेंजओव्हर स्विच लागतो. त्याची दांडी एका बाजूला केली की घराला खांबावरची लाइट मिळते, दुसऱ्या बाजूला केली की जनरेटरची. दोन्ही एकत्र कधीच येत नाहीत. तो नसेल, तर जनरेटरची वीज घरात फिरते आणि घराचा मेन स्विच चालू राहिला तर उलटी बाहेर, खांबावरच्या तारेत जाते. मग ज्या तारेला वायरमन मेलेली समजून हात लावतो, ती जिवंत असते.

तो स्विच माझ्याजवळ नव्हता. सांगलीहून आणायचा होता. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. अण्णांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायची रीत, आणि अव्वा नळीसकट दारात येऊन उभ्या. "वायरमन, हात धुवा. दिस बुडाया लागलाय. ऱ्हायलेलं उद्या करा."

मी जनरेटर सरळच जोडून टाकला. अण्णांना बजावलं, "आण्णा, लाइट गेली की आदी ह्यो मेन खाली वढायचा. मगच जनरेटर. इसरायचं न्हाई. पुढच्या आठवड्यात स्विच आनून बसवतो." त्यांनी मान डोलावली. मी दोन भाकऱ्या आणि आमटी खाऊन निघालो. पुढचा आठवडा आला. त्याच्या पुढचा आला. अण्णा मेन न विसरता ओढत राहिले, आणि मी विसरलो.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मोठं पाणी आलं.

चार दिवस पावसानं डोळा उघडला नव्हता. वरच्या धरणांतनं पाणी सोडल्याचे निरोप मोबाइलवर तासातासाला यायचे. ओढा फुगला. सकाळी मी पुलावर गेलो. नदी एवढी मोठी, बाभळींच्या शेंड्यांना लागलेली, आणि आवाज नाही. गावातली कुत्री देवळाच्या उंच पाराकडं चालली होती. मी कुणालाही न विचारता फ्यूज काढले, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून डीपीजवळच्या तारांवर अर्थिंगची साखळी टाकली, फीडर बंद करून घेतला. या खेपेला कुणी हसलं नाही. पाणी दुपारी ओढ्यातनं, मागच्या बाजूनं आलं आणि गावाचं बेट झालं.

निम्मं गाव आधीच पलूसला आणि पाहुण्यांकडं गेलं होतं. अण्णा गेले नाहीत. मी स्वतः सांगायला गेलो होतो.

"अव्वाला हलवायची कशी? मशीन काढलं की धाप लागती," ते म्हणाले. "आनि माज्या आज्यापास्नं वरच्या मजल्याला पाणी लागल्यालं न्हाई. रेघा हायती की बस्तीवर." जनरेटर त्यांनी गड्यांकडून वरच्या गच्चीत चढवून घेतला होता. डिझेल भरून ठेवलं होतं.

बस्तीवरची सगळ्यात वरची रेघ दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याखाली गेली.

गावात एकच बोट, मागच्या पुरानंतर ग्रामपंचायतीला मिळालेली. ती चालवायला एकच माणूस होता, निवृत्त सुभेदार. फौजेत नद्यांवर पूल बांधायचं काम केलेला, गावातला एकमेव माणूस ज्याचा आवाज त्या दिवसांत चढला नाही. नऊच्या सुमाराला तो देवळाच्या पारापाशी आला आणि मला म्हणाला, "वायरमन, चला बोटीत."

"मी कशाला?"

"खांब कुठं हायत, तारा कुठनं गेल्यात, तुमालाच ठावं. पाणी तारेपातूर आलंय. माझं पोरगं बसलं तर तारेला डोकं लावंल."

खरं होतं ते. एरवी ज्या तारा डोक्यावर दोन पुरुष उंच असायच्या, त्या आता बोटीत बसलेल्या माणसाच्या कपाळाला येत होत्या. पाण्याखालचं गाव फक्त माझ्या डोक्यात शिल्लक होतं. इथं चौकातला खांब, इथं डीपी, इथं ताण दिलेली तार. मी रबरी हातमोजे चढवले, टेस्ट दिवा आणि दुसरी साखळी खांद्याला अडकवली, आणि बोटीत पाय ठेवला. पोहता येत नाही, हे तेव्हाही सांगितलं नाही. सुभेदारानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि स्वतःचं लाइफ जाकीट काढून मला घातलं.

नदीकडच्या गल्लीत हिराबाईचं घर होतं. ऐंशी पार केलेली म्हातारी, तिचा मुलगा, आणि सून बाळंतीण, कुशीत आठ दिवसांची पोर. शेजारची तिघं भिंतीवरून त्यांच्याच माडीवर आलेली. सगळ्यांना एक-एक करून बोटीत घेतलं. सुनेचे दात वाजत होते. बाळ झोपलं होतं, आणि हिराबाई सारखी म्हणत होती, "तिच्या नाकापुढं बोट धर गं, श्वास हाय का बघ."

परत फिरताना चौकाच्या तोंडाशी पाण्याला ओढ लागली. तिथून बोट वर जाईना. मशीनच्या पंख्यात जलपर्णी गुंतली आणि मशीन बंद पडलं. सुभेदारानं कडुलिंबाच्या फांदीला दोर टाकून बोट कशीबशी धरली. उलटं जाता येत नव्हतं. एकच वाट होती. प्रवाहाबरोबर गल्लीतनं खाली, अण्णांच्या घरावरून, शाळेमागच्या संथ पाण्यात. आणि त्या वाटेवर, आमच्यापासून पंधरा-वीस हातांवर, खांब कलल्यामुळं तारा पाण्यावर वीतभर लोंबत होत्या.

"उचला तारा. खालनं काढतो बोट," सुभेदार म्हणाला.

काम सोपं होतं. फीडर काल सकाळपासून बंद. फ्यूज माझ्या खिशात. साखळी माझ्या हातची. कुणीही सांगितलं असतं की ती तार मेलेली आहे. पण मला ज्यांनी काम शिकवलं ते हेडमिस्त्री एक सांगायचे: मेलेली तार आणि जिवंत तार दिसायला सारखीच असते, आणि तार मेली हे तारेनंच सांगायला पाहिजे. मी टेस्ट दिवा काढला. लाकडी दांडकं, त्याला होल्डर, होल्डरात बल्ब आणि दोन वायरी. सुभेदारानं दोर सैल सोडत बोट तारांजवळ नेली. मी बोटीच्या टोकाला गुडघ्यावर बसलो आणि दांडकं पुढं करून वायरी दोन तारांना टेकवल्या.

बल्ब लागला.

पिवळा, थोडा थरथरता. भर सकाळी, सगळं गाव बुडालेलं, वीसभर मैलांत कुठं वीज नाही, आणि माझ्या हातापुढं बल्ब जळतोय. आयुष्यात मी हजारो बल्ब लावले, पण त्या उजेडाएवढं कशालाच भ्यालो नाही. काढून बघितलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा लागला.

"काय झालं?" सुभेदार.

"तारेत लाइट हाय."

आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. पावसाखाली दबलेला, एकसुरी, लांबून. अण्णांच्या गच्चीवरचा जनरेटर.

सगळं एका क्षणात कळलं. डीपीकडचा खांब पडला होता, तार तुटली होती, माझी साखळी तुटलेल्या तारेबरोबर पलीकडं गेली होती. अण्णांच्या घरापासून या खांबापर्यंतचा तुकडा सुटा राहिला होता. आणि अण्णांनी मेन ओढलेला नव्हता.

"आण्णाऽऽ! जनरेटर बंद करा!" आम्ही सगळे ओरडलो. हिराबाईचा मुलगा बेंबीच्या देठापासून ओरडला. घर वळणापलीकडं. जनरेटर चालू. फोन लावायला टॉवर नाही.

कडुलिंबाची फांदी कडाडली. बोट हातभर खाली सरकली.

"वायरमन, फांदी धरत न्हाई," सुभेदार तेवढ्याच शांतपणे म्हणाला. "काय करायचं ते करा."

खांद्यावर साखळी होती. ती सगळ्या तारांवर एकदम फेकली की तारा एकमेकींना भिडणार, जनरेटरवर भार पडणार आणि तो बंद होणार. लहान पोरालाही जमेल असं काम. पण जनरेटर बंद म्हणजे यंत्र बंद. त्या नळीच्या टोकाला अव्वा होत्या. साखळी हातात धरून मी किती वेळ थांबलो, मला सांगता येणार नाही. सुभेदार नंतर म्हणाला, थांबलाच न्हाई तुमी. मला तो वेळ अजून संपलेला वाटत नाही.

बाळ रडायला लागलं. मी साखळी फेकली.

निळी ठिणगी उडाली, सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, आणि जनरेटरचा सूर तुटला. मी बल्ब टेकवला. लागला नाही. पुन्हा टेकवला. नाही लागला. मग हात पुढं केला, तारा डोक्यावर उचलल्या आणि "वाका" म्हणून ओरडलो. बोट तारांखालून गेली. सगळ्यात शेवटी हिराबाईच्या पाठीवरून तार घासत गेली.

अण्णांच्या घराला बोट लावली तेव्हा ते गच्चीत जनरेटरची दोरी ओढत होते. ओढायचे, सोडायचे, ओढायचे. साखळी तारांवर असेपर्यंत तो सुरू राहणार नव्हता. मला बघून म्हणाले, "वायरमन, बरं झालं आलास रं. बंद पडलाय. लवकर बघ."

मी आत पळत गेलो, जिन्याच्या वरच्या टोकाचा मेन खाली ओढला, वर येऊन जनरेटर सुरू केला. यंत्र घुरघुरायला लागलं. अव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ काळेनिळे. मला बघून त्यांनी हात हलवला. बस, असं खुणावलं की जा, असं, कळलं नाही.

सुभेदारानं शाळेमागं माणसं उतरवली आणि तासाभरात पंखा साफ करून बोट परत आणली. यंत्र उतरवता येत नव्हतं. अव्वांना खुर्चीसकट बोटीत ठेवलं. पुलापलीकडं गाडी होती, गाडीत सिलिंडर होता. सांगलीच्या दवाखान्यात त्या चार दिवस होत्या. पाचव्या दिवशी गेल्या. अण्णांच्या पुतण्यानं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फुप्फुसं संपलेलीच होती, आज नाही तर उद्या. जनरेटर बंद होता त्या मिनिटांनी काही फरक पडला का, हे मी विचारायला लावलं नाही. मला उत्तर नको होतं.

पाणी उतरल्यावर वायरमनचं खरं काम सुरू होतं. लाइट बंद करणं ही भीतीची गोष्ट आहे, पण पुन्हा सुरू करणं त्याहून. प्रत्येक घर बघायचं. भिंती ओल्या, बोर्डात चिखल, मीटरमध्ये बेडकं. एका घरात चूक झाली की गल्ली जाते. मी तीन आठवडे घरोघर फिरलो. अण्णांचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. त्या दिवशी मी नवा चेंजओव्हर स्विच बरोबर नेला होता.

अण्णा सोप्यात एकटे बसले होते. भिंतीवर पाण्याची रेघ त्यांच्या डोक्याच्या वर. मी जिन्यावर, मेनच्या शेजारी स्विच बसवला. स्क्रू आवळले. मग त्यांच्यापुढं खाली बसलो.

"आण्णा, एक सांगायचं हाय."

"सांग."

"जनरेटर आपसुक बंद पडला न्हवता. साखळी मी टाकली. बोटीत मानसं हुती, आनि तारेत लाइट आलती. तुमच्या जनरेटरची. ह्यो स्विच तवाच बसवायला पायजे हुता. मी बसवला न्हाई."

बाहेर कुणीतरी फावड्यानं चिखल ओढत होतं, त्याचा खरखर आवाज येत होता.

"मेन वढायचा मी इसरलो," अण्णा म्हणाले. "तू सांगिटलंतंस. चाळीसदा वढला आसंल मी. त्या सकाळी तिला लय धाप लागली, आनि मी दोरीच वढली." मग विचारलं, "बोटीत किती हुती?"

"सात. सुभेदार आनि मी येगळं."

"नावं सांग."

मला कळेना. "आं?"

"नावं सांग त्यांची."

मी सांगायला लागलो. हिराबाई. तिचा दत्ता. सून रेश्मा. शेजारचा सलीम शिकलगार. त्याची बायको जुबेदा. देवळातला मोहन गुरव. प्रत्येक नावाला अण्णा मान हलवत होते, जणू एकेकाला दारातनं आत घेत होते.

"सा झाली," ते म्हणाले.

"सातवं रेश्माचं बाळ. तवा आठ दिसांचं हुतं."

"नाव काय ठिवलं?"

"मला ठावं न्हाई, आण्णा."

"इचारून ये."

मी उठलो. चिखलातनं हिराबाईच्या घरी गेलो. रेश्मा ओल्या गाद्या उन्हात टाकत होती. विचारलं. तिनं सांगितलं, आणि का विचारताय म्हणून बघत राहिली. मी परत आलो.

"आरोही," मी म्हणालो.

"आरोही," अण्णा म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, नव्या स्विचपाशी गेले आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कुठल्या अंगाला करायची दांडी?"

"वर. वर केली की खांबावरची लाइट."

त्यांनी दांडी वर केली.